रस्त्यावरचे फोटो: तुमचे प्रश्न आणि माझी बडबड

मागच्या अंकात म्हटलं होतं की साथ, संप, नोटाबंदी, पाडापाडी, कशामुळेही असो, शहराचं काही खरं नाही असं वाटायला लागतं तेव्हा रस्त्यावर फोटो कसे काढायचे यावर प्रश्न पाठवा. तर भरपूर आले, धन्यवाद. बहुतेक मुंबईचेच आहेत म्हणून उत्तरंही मुंबईचीच आहेत, पुणेकरांनी रागावू नये. सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि नावं गाळलीत, कारण दोघातिघांनी तसं कळवलं होतं.

प्रश्न: ताई, मी बँकेत आहे, डोंबिवलीला राहते. २०२० मध्ये आमची ड्युटी चालू होती तेव्हा येताजाता मोबाईलवर खूप फोटो काढले. रिकामं सीएसएमटी, रिकामा फ्लायओव्हर, रिकामा मरीन ड्राइव्ह. तेव्हा अंगावर काटा यायचा, आता बघते तर सगळे सारखेच वाटतात. डिलीट करू का? (वाचक, डोंबिवली)

उत्तर: अजिबात नको. पण तुम्हाला कंटाळा का येतोय ते कळतंय मला. रिकाम्या शहराचा फोटो हा त्या वर्षातला सगळ्यात सोपा फोटो होता. मिलान रिकामं, न्यूयॉर्क रिकामं, मरीन ड्राइव्ह रिकामा आणि सगळीकडे तीच फ्रेम, मधोमध रस्ता, वर धुतल्यासारखं आकाश आणि एखादं कबूतर. खरं तर शहर रिकामं नव्हतंच हो, माणसं दहा बाय दहाच्या खोल्यांमध्ये कोंबलेली होती, नाहीतर बोचकी डोक्यावर घेऊन नाशिक हायवेने चालत होती, काहीजण तर आपली काळीपिवळी रिक्षा घेऊन थेट उत्तर प्रदेश-बिहारकडे निघाले होते. आपण फोटो काढला तो उरलेल्या डांबराचा.

आता त्याच फोल्डरमध्ये परत जा आणि जे फोटो तुम्ही उगाच, काही विचार न करता काढलेत ते शोधा. वाण्याच्या दुकानासमोर आखलेले गोल, दोरी बांधून अडवलेला काउंटर, नोटा टाकायला ठेवलेला डबा, सोसायटीच्या गेटवर कामवाल्या बायकांना प्रवेश नाही असं लिहिलेली चिठ्ठी, एक सोडून एक सीटवर मारलेली फुली, तुमच्याच बँकेच्या दारात ते ताप बघायचं पिस्तूल धरून बसलेला वॉचमन. हे फोटो तेव्हा कोणी लाइक केले नसते, पण लोक घाबरले होते म्हणजे नक्की काय करत होते ते यात दिसतं. आणि सोसायटीच्या गेटवरची ती चिठ्ठी तर, मी सांगते, मरीन ड्राइव्हच्या पन्नास फोटोंपेक्षा जास्त बोलते.

मग सगळे तारखेप्रमाणे लावा. लोकल मार्चच्या शेवटच्या आठवड्यात बंद पडली, १५ जूनला सुरू झाली ती फक्त अत्यावश्यक सेवेवाल्यांसाठी, तुम्हा बँकवाल्यांना त्याच्याही नंतर परवानगी मिळाली, त्याआधी बसचे हाल काढले असतील तुम्ही. पुढे फेब्रुवारी २०२१ मध्ये वेळा ठरवून सगळ्यांना घेतलं, एप्रिलमध्ये परत दारं बंद, आणि दोन डोस झालेल्यांना १५ ऑगस्ट २०२१ पासून प्रवास. म्हणजे तुमच्या फोटोंत गर्दी येताना दिसेल, मधेच गायब होईल, परत येईल. आज नियम काय आहे हे सकाळी उठून बघावं लागायचं ना, ते सगळं त्या क्रमात आपोआप येतं. एकेकटा फोटो हे सांगू शकत नाही.

अजून एक गोष्ट सांगते, जरा लांबण लागेल. मुंबईत प्लेग आला १८९६ च्या सप्टेंबरमध्ये, मांडवी भागात, तो ओळखला मूळच्या गोव्याच्या डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी. त्या प्लेगचे फोटो आहेत, प्लेग कमिटीच्या कारभाराचे आल्बमच्या आल्बम आहेत. त्यात काय आहे, तर घरं तपासायला निघालेल्या तुकड्या, पंपाने घर धुणारं इंजिन, हॉस्पिटलातल्या खाटा, विलगीकरणाच्या छावण्या आणि साहेब लोकांचे ग्रुप फोटो. सगळं कसं शिस्तीत उभं केलेलं. कॅमेरा सरकारच्या बाजूला उभा होता, त्यामुळे ज्याच्या घरात तुकडी घुसली तो दारात उभा दिसतो पण त्याचं नाव नाही आणि त्याला काय वाटत होतं तेही नाही. तुम्ही मात्र त्याच गर्दीतल्या होता. तुम्हाला रोज त्याच बसला भेटणाऱ्या नर्सबाईचं नाव माहीत असेल, ती कुठे उतरायची ते माहीत असेल. लिहून ठेवा. प्रत्येक फोटोखाली तारीख, जागा, कोण, कुठे चाललं होतं, दोन ओळी बास. आणि व्हॉट्सॅपवर फिरलेली कॉपी ठेवू नका, मूळ फाइल ठेवा, व्हॉट्सॅपवरून गेलेल्या फोटोतून तारीख-वेळेची माहिती उडून जाते.

प्रश्न: ताई मी मास मीडियाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. रस्त्यावर कॅमेरा काढला की हात थरथरतो. लोक विचारतात कुठल्या चॅनलची, कशाला काढतेस, एकदा पोलिसानेही हटकलं. कायदा काय आहे आणि तू काय करतेस? (वाचक, विलेपार्ले)

उत्तर: मला अरेतुरे केलंस, बरं वाटलं. आधी कायदा थोडक्यात. सार्वजनिक रस्त्यावर फोटो काढायला प्रत्येकाची लेखी परवानगी हवी असा आपल्याकडे कायदा नाही. पण जाहिरातीत वगैरे कोणाचा चेहरा वापरायचा तर परवानगी घ्यायचीच. नौदल, बंदर, विमानतळ असल्या जागा आणि जिथे मनाईचा बोर्ड आहे तिथे कॅमेरा बॅगेत. बाईचा तिच्या खासगी क्षणी चोरून फोटो काढणं हा गुन्हा आहे, भारतीय न्याय संहितेतलं कलम ७७, आधी ते आयपीसीत ३५४-सी होतं. बालगृहातली, खटल्यातली मुलं असतील तर ओळख उघड होईल असं काहीही छापायचं नाही. स्टेशनवर ट्रायपॉड लावलास की आरपीएफवाले, म्हणजे रेल्वेचे सुरक्षावाले, येणारच, कारण त्यांना ते कमर्शियल शूट वाटतं आणि त्याला परवानगी लागते. जमावबंदी असेल, म्हणजे जुनं १४४, आताचं बीएनएसएसचं (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) १६३, तर तू हातात कॅमेरा घेतलाय म्हणून तुला सूट मिळत नाही, तुझ्याकडे प्रेसकार्ड नाहीये हे लक्षात ठेव. आणि पोलिसाशी वाद घालू नकोस, काय काढलंय ते दाखव, कॉलेजचं आयकार्ड दाखव, निघ. तो आठ तास उभा आहे, त्याला तुझ्या कलेशी देणंघेणं नाही आणि ते ठीकच आहे.

आता कायदा परवानगी देतो म्हणून समोरचा माणूस देतो असं नाही. मी काय करते तर पहिले दोन-चार वेळा जाते तेव्हा कॅमेरा गळ्यात, पण काढत नाही. चहा घेते, भाजी घेते, कुठली भाजी कितीला यावर बोलते. लोकांना चेहरा ओळखीचा झाला की कशाला काढता हा प्रश्न विचारतात पण आवाज बदललेला असतो. त्याचं उत्तर खरं द्यायचं. प्रोजेक्ट आहे, कॉलेजात दाखवणार, इन्स्टावर टाकणार असशील तर तेही सांग, कारण टाकल्यावर त्यांच्या भाच्याला दिसतंच. नको म्हणाले तर नको. काढलेला डिलीट कर म्हणाले तर त्यांच्यासमोर कर. दुसऱ्या दिवशी तिथेच जायचंय तुला.

आणि मुलगी आहेस म्हणून घाबरत असशील तर होमाई व्यारावाला यांचं ऐक. नवसारीत जन्म, मुंबईत जे.जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकल्या, भारतातल्या पहिल्या महिला फोटो पत्रकार, सुरुवातीचे त्यांचे फोटो नवऱ्याच्या, माणेकशांच्या नावाने छापून यायचे, आणि सरकारला पद्मविभूषण द्यायला २०११ उजाडलं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबईतली बावरलेली, हवाई हल्ल्याची तयारी करणारी माणसं त्यांनी टिपली आहेत. त्या सांगायच्या की साडी नेसलेली बाई कॅमेरा घेऊन फिरतेय म्हटल्यावर लोकांना वाटायचं ही काहीतरी टाइमपास करतेय, कोणी मनावरच घ्यायचं नाही, आणि त्यामुळे जिथे सहसा जाऊ देत नाहीत तिथे त्यांना जाता यायचं. तुला अजूनही हा अनुभव येईल. राग येतो, पण फोटो मिळतो. फक्त रात्री नवीन वस्तीत एकटी जाऊ नकोस, मैत्रिणीला घे, हे मी मुलगी म्हणून नाही तर महाग कॅमेरा म्हणून सांगतेय. (बरं, मुलगी म्हणूनही.)

प्रश्न: संकटात सापडलेल्या माणसाचे फोटो काढणं योग्य आहे का? माझ्या भावाशी यावरून भांडण झालं. तो म्हणतो मदत करायची सोडून फोटो काढणारे गिधाड असतात. (वाचक, नाशिक)

उत्तर: तुमचा भाऊ अर्धा बरोबर आहे. मी दोन फोटो सांगते, दोन्ही तुम्ही पाहिलेत.

पहिला २००२ च्या गुजरात दंगलीतला, अर्को दत्ता यांनी रॉयटर्स वृत्तसंस्थेसाठी काढलेला, हात जोडून, डोळ्यांत पाणी आणून जीव वाचवा म्हणणारा माणूस. त्या एका चेहऱ्याने जगाला कळलं तिथे काय चाललंय. आणि त्याच चेहऱ्याने त्या माणसाचं जगणं कठीण केलं. तो पुढे आपल्या मालेगावात बहिणीकडे राहायला आला होता, तिथे लोकांनी ओळखलं, कामही गेलं, मग कोलकात्याला गेला, सगळीकडे तो फोटो त्याच्या आधी पोचलेला. त्याने हे स्वतः अनेकदा सांगितलंय. फोटो काढायला नको होता असं मी म्हणणार नाही, पण काढणारा विमानाने परत जातो आणि फोटोतला तिथेच राहतो, हे विसरून चालत नाही.

दुसरा मे २०२० चा, दिल्लीत निजामुद्दीन पुलाजवळ रस्त्याच्या कडेला फोनवर रडणारा मजूर, पीटीआय वृत्तसंस्थेच्या अतुल यादव यांनी काढलेला. तिकडे बिहारात त्याचं तान्हं बाळ अत्यवस्थ होतं, ते वाचलं नाही, आणि त्याला पुढे जाऊ देत नव्हते. यादवांनी फोटो काढला, आणि मग गाडीतून पाणी-बिस्किटं काढून दिली, पोलिसांशी बोलले, त्याला पुढे जाता यावं म्हणून खटपट केली. फोटो छापून आल्यावर बाकीची मदतही झाली. म्हणजे फोटो की मदत असं निवडायलाच लागतं असं काही नाही, बहुतेक वेळा दोन्हीला वेळ असतो. फोटोला सेकंदाचा पाचशेवा हिस्सा लागतो, पाण्याच्या बाटलीला दोन मिनिटं. भावाला हे सांगा.

पण तुम्ही आणि मी बातमीदार नाही, ही गोष्ट वेगळी धरा. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्याच्या रात्री सीएसटीवर फोटोग्राफर सेबॅस्टियन डिसूझा गेले ते समोरच्याच इमारतीत, वर्तमानपत्राच्या ऑफिसात होते म्हणून, त्यांचं ते काम होतं, आणि त्यांचे कसाबचे ते फोटो पुढे खटल्यात पुरावा झाले, त्यांनी कोर्टात साक्षही दिली. त्यांनी केलं म्हणून आपण धूर दिसला की पळत सुटायचं नाही. हौशी माणसाने आग, अपघात, दंगल इथे जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे, आपण तिथे फक्त ॲम्ब्युलन्सच्या वाटेत येतो. त्यानंतरचे दिवस आपले. दुसऱ्या दिवशी लोक परत प्लॅटफॉर्मवर कसे उभे राहिले, कुठल्या दुकानाचं शटर अर्धंच उघडलं, पेपरवाल्याभोवती घोळका किती वेळ हलला नाही, हे काढायला कोणी येत नाही कारण चॅनलवाले पुढच्या बातमीला गेलेले असतात.

माझा एक साधा नियम आहे तो कोणावर लादत नाही: रडणाऱ्या माणसाच्या चेहऱ्याऐवजी हात दिसले तरी फोटो होतो का ते आधी बघायचं. बऱ्याचदा होतो, आणि चांगला होतो.

प्रश्न: आमची नायगावची बीडीडी चाळ पाडणार. काही बिल्डिंगी रिकाम्या झाल्यात, आम्ही अजून आहोत. आई म्हणते नवीन घर मिळतंय तर रडतोस काय. मला फोटो काढायचेत पण काय काढू कळत नाही, जे दिसतं ते रोजचंच आहे. (वाचक, नायगाव, मुंबई)

उत्तर: या प्रश्नासाठी मी बाकीची उत्तरं आखडती घेतली असती तरी चाललं असतं.

आईचं बरोबर आहे हे आधी मान्य करा. शंभर वर्षांची चाळ, १६० चौरस फुटांची खोली, मजल्याला सामायिक संडास, त्याच्या रांगा तिने काढल्यात, तुम्ही फोटोत त्याला रम्य करून टाकलं तर तिचा अपमान आहे. वरळीला ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या पाचशेच्यावर कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या तेव्हा लोक आनंदाने रडले, तेही खोटं नव्हतं. गंमत अशी की तुमच्या चाळीसुद्धा असल्याच अस्थिर काळातून उभ्या राहिल्यात, प्लेगनंतर सरकारला कळलं की कामगार राहतात कुठे आणि कसे, आधी १८९८ चा इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला आणि मग १९२० च्या दशकात या बीडीडी चाळी. या गॅलरीत उभं राहून तुमच्या आजोबांच्या पिढीने १८ जानेवारी १९८२ नंतरचा गिरणी संपही काढलाय, अडीच लाख कामगार, डॉ. दत्ता सामंत, आणि भोंगा कायमचा बंद. संपाचे मोर्चे, सभा यांचे फोटो सापडतात. पण संपाच्या आठव्या महिन्यात दुपारी चार वाजता गॅलरीत बसलेला कामगार काय करत होता त्याचे फोटो कितीसे आहेत? बायका खानावळीचे डबे करत होत्या, शिवण घेत होत्या, कोणी भाजीची पाटी घेतली, भांडी गावाकडे जात होती. ते रोजचंच होतं ना, म्हणून कोणी काढलं नाही.

तर रोजचंच काढा. दारावरच्या नावाच्या पाट्या, एकामागोमाग एक, सगळ्या मजल्याच्या. मीटरबोर्ड. जिन्याच्या कठड्याचं लाकूड, जिथे हात लागून गुळगुळीत झालंय तो भाग. मोरी, पिंप, माळा, माळ्यावर झोपायला चढायची शिडी. गॅलरीतल्या दोऱ्या आणि कुणाची दोरी कुठपर्यंत यावरचे तह. भिंतीवरच्या सर्व्हेच्या खुणा आणि रंगाने टाकलेले नंबर, पात्र-अपात्रच्या याद्या, बैठकीच्या नोटिसा, सोडतीची पत्रकं, कारण पाडापाडीचा सगळा कागदोपत्री गोंधळ तिथेच लटकलेला असतो आणि तो कागद पावसात गळून गेला की परत मिळत नाही. रिकामी झालेली खोली आणि तिला लागून अजून नांदती खोली एकाच फ्रेममध्ये बसतात का बघा, तुमच्याकडे आत्ता नेमकी तीच अवस्था आहे आणि ती फार दिवस टिकणार नाही.

माणसं काढाल तेव्हा त्यांच्याच जागेत, त्यांच्याच दारात, आणि त्यांना तयार व्हायला वेळ द्या. बायकांना साडी बदलायची असते, बदलू द्या. आपल्याला ते कॅन्डिड वगैरे हवं असतं, पण त्यांना वाटतं की या घरातला शेवटचा फोटो नीट यावा, आणि मला विचाराल तर त्यांचा हक्क मोठा. सुधारक ओलवे यांनी महापालिकेच्या सफाई कामगारांचे फोटो काढले, पुढे २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, ते काम बघा म्हणजे कळेल की एकाच माणसांकडे परत परत जाऊन काय होतं, गटारात उतरलेला माणूस तिथे किळस म्हणून येत नाही, कामावरचा माणूस म्हणून येतो. तुम्हाला तर परत परत जायचीही गरज नाही, तुम्ही तिथलेच आहात. बाहेरून येणाऱ्या आम्हा लोकांना हे जन्मात जमणार नाही.

आणि संक्रमण शिबिरात, म्हणजे मधल्या काळातल्या तात्पुरत्या घरात, गेल्यावर काम थांबवू नका. तेच शेजारी, तेच कपाट, वेगळी भिंत.

प्रश्न: असले फोटो ब्लॅक अँड व्हाइटच चांगले दिसतात ना? (तिघांनी विचारलंय)

उत्तर: मला तरी नाही वाटत. ब्लॅक अँड व्हाइट केलं की सगळंच दुःखी आणि जुनं दिसतं, काल काढलेला फोटोसुद्धा, आणि तिथे आपण जरा फुकटात भाव खातो. केतकी शेठ, सूनी तारापोरवाला यांची कृष्णधवल मुंबई मला प्रचंड आवडते, पण त्यांनी ती त्या काळात, त्या फिल्मवर, तसं बघून काढली. रंगाचं बघायचं तर रघुबीर सिंग बघा, मुंबईवरचं त्यांचं पुस्तक १९९४ चं आहे, म्हणजे बॉम्बस्फोट आणि दंगलींनंतर लगेचचं, आणि त्यात दुकानांच्या काचा, आरसे, गाड्या, माणसं, रंगांचा नुसता कल्लोळ. शहर हादरलेलं असलं तरी रंग उडत नाहीत त्याचे. आपल्याकडे तर अस्थिरतेचेच रंग ठरलेत, निळी ताडपत्री, मेट्रोचे पत्रे, पोलिसांचे पिवळे बॅरिकेड, पुढाऱ्यांचे फ्लेक्स. ताडपत्रीचा निळा काढून टाकलात तर तो पावसाळा कुठला ते कळणारच नाही. फोन रंगीतच काढतो, तसंच राहू द्या.

प्रश्न: रांगा आणि गर्दी कशी काढायची? माझ्या फोटोत नुसती डोकी येतात. (वाचक, ठाणे)

उत्तर: कारण तुम्ही लांब आणि उंचावर उभे राहता, बरोबर? पुलावरून काढलेली गर्दी ही आकडा सांगते, बाकी काही नाही. डिसेंबर १९४८ मध्ये शांघायमध्ये कागदी पैशाची किंमत मातीमोल झाली, सरकारने माणशी ४० ग्रॅम सोनं द्यायचं ठरवलं आणि बँकेसमोर हजारो लोक लोटले. फ्रेंच फोटोग्राफर कार्तिए-ब्रेसाँ तिथे होते. त्यांच्या त्या फोटोत बँक नाही, सोनं नाही, एकमेकांना घट्ट धरून, चिरडून उभी असलेली माणसांची साखळी आहे फक्त, कोणाचा हात कोणाच्या खांद्यावर ते कळत नाही. त्या चेंगराचेंगरीत दहा माणसं मेली. फोटो बघताना हे माहीत नसलं तरी छाती दबते, कारण कॅमेरा माणसांच्या उंचीवर आणि जवळ आहे.

आपल्याकडे ८ नोव्हेंबर २०१६ नंतर हेच शिकायची संधी होती. ५००-१००० च्या नोटा गेल्या आणि एटीएमसमोर रांगा लागल्या, तेव्हा बहुतेकांनी लांबच लांब रांग काढली. मला मात्र रांगेतल्या वस्तू बघायला आवडायचं, नंबर लावून ठेवलेल्या चपला, पिशव्या, आधारच्या झेरॉक्सची गुंडाळी, बोटाला लावलेली शाई, लग्नाच्या याद्या घेऊन उभा असलेला बाप. जवळ जा, गुडघ्यावर बसा, रांगेत स्वतः उभे राहा. रांगेत उभ्या असलेल्या माणसाला कोणी विचारत नाही तुम्ही कोण म्हणून. फक्त गर्दी सरकायला, ढकलायला लागली की कॅमेरा खाली आणि बाजूला व्हा, एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पादचारी पुलावरची चेंगराचेंगरी, २९ सप्टेंबर २०१७, आपण कोणी विसरलेलो नाही.

प्रश्न: मी दुबईला असतो, वर्षातून एकदा येतो. दरवेळी काहीतरी गायब झालेलं असतं. थोड्या दिवसांत काय काढू? (वाचक, दुबई)

उत्तर: गायब झालेल्याच्या मागे लागू नका, ते गेलं. जुनी लाल डबलडेकर सप्टेंबर २०२३ मध्ये गेली, पद्मिनी टॅक्सी त्याच वर्षी ऑक्टोबरच्या शेवटी गेली, दोन्हींच्या शेवटच्या दिवशी गाड्यांपेक्षा कॅमेरे जास्त होते. एल्फिन्स्टनचा गाड्यांचा पूलही सप्टेंबर २०२५ मध्ये बंद केला पाडायला. एक नाका निवडा, तुमच्या जुन्या घराजवळचा, आणि दरवर्षी त्याच जागी, त्याच वेळेला, त्याच लेन्सने उभे राहा. चार-पाच वर्षांनी मला पाठवा.

प्रश्न: आता एआयने कसलाही फोटो बनतो, लोक विश्वास ठेवत नाहीत. मग रस्त्यावर उन्हात कशाला मरायचं? (वाचक, कोल्हापूर)

उत्तर: म्हणूनच तर वर कॅप्शनचं इतकं पुराण लावलं. मूळ फाइल, त्याच्या आधीचे-नंतरचे फोटो, तारीख, जागा, कोणाशी बोललात ते. एक छान फोटो कोणीही बनवेल, पण त्याच नाक्यावरच्या अख्ख्या दुपारचे चाळीस वाकडेतिकडे फोटो आणि ज्यांचे काढले ती माणसं अजून तिथे भेटतात, हे बनवणं अवघड आहे. आणि उन्हात मरू नका, संध्याकाळी जा, उजेडही बरा असतो.

प्रश्न: कुठला कॅमेरा घेऊ, आणि पावसाळ्यात काय करायचं? (अर्थातच सगळ्यात जास्त जणांनी विचारलंय)

उत्तर: आहे तो मोबाईल. खरंच घ्यायचाच असेल तर लहान, काळा, जुना चालेल, २८ किंवा ३५ मिलिमीटरची एकच लेन्स, झूम नको कारण झूम असला की माणूस जवळ जात नाही. पैसे उरले तर प्रिंट काढा, ४ बाय ६ च्या, ज्यांचे फोटो काढलेत त्यांना नेऊन द्या, मागे तारीख लिहून. मुंबईच्या पावसाळ्यात लेन्सला बुरशी धरते, कपाटात चामड्याच्या बॅगेत ठेवली तर हमखास. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा आणि सिलिका जेलची पाकिटं पुरतात, पाकिटं ओली झाली की बदलायची. भिजलेला कॅमेरा तांदळात ठेवू नका, तांदळाची पूड बटणांत जाते आणि तांदूळही वाया. बॅटरी काढा, पुसा, पंख्याखाली ठेवा आणि दुरुस्तीवाल्याकडे न्या. पुढच्या अंकासाठी प्रश्न पाठवताना कृपया फोटो मोठ्या साइझमध्ये पाठवा, स्क्रीनशॉट नको.